न दिसणाऱ्या ग्रहांचें अनुमान

बार्शीकडील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्या लिहितात कीं, त्यांच्या एकत्र कुटुंबांत गेले पंधरा दिवस रात्रीच्या जेवणाच्या वेळीं एकच वाद चालू आहे. धाकट्या दिरांचा मुलगा यंदा बारावीस असून त्याला पुढें पदार्थविज्ञान घेऊन तारकांचें शास्त्र शिकावयाचें आहे. वडील दीर म्हणतात, "जे ग्रह कोणी डोळ्यांनीं पाहिले नाहींत ते आहेत म्हणून सांगणें हा निव्वळ कल्पनेचा खेळ, त्यापायीं मुलाचें आयुष्य कशाला पणास लावतां?" मामंजी म्हणतात, "हें सर्व आपल्या पुराणांत आहेच. त्यासाठीं नवें काय शिकावयाचें?" मुलगा दोघांच्याही मानाखातर गप्प बसतो, पण त्याचें जेवणावरचें लक्ष उडालें आहे. न पाहिलेला ग्रह आहे असें हे लोक कशाच्या बळावर म्हणतात, तें घरांतल्या सर्वांस समजेल अशा रीतीनें आपण लिहाल काय, असें या भगिनी विचारतात.

प्रश्न जितका ज्योतिषाचा तितकाच प्रमाणाचा आहे. आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्षाच्या जोडीस अनुमान हें प्रमाण मानलें. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें आपण निःशंकपणें म्हणतों; अग्नि कांहीं डोळ्यांस दिसलेला नसतो. मात्र या अनुमानास अटी आहेत. जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति पक्की असली पाहिजे, आणि धूर म्हणून जें दिसतें तें धुकें अथवा धूळ नव्हे याची खातरजमा झाली पाहिजे. ज्योतिषी करतात तें याहून निराळें नाहीं. त्यांचा धूर कोणता, एवढें कळलें कीं निम्मा उलगडा झाला.

या अनुमानाचा पहिला मोठा विजय आपल्याच सूर्यमालेंत घडला. १७८१ सालीं विल्यम हर्शेल यांस युरेनस सांपडला. पण पुढें त्याचा मार्ग गणिताशीं जुळेना. पलीकडून कोणीतरी त्यास ओढीत आहे असा तर्क करून फ्रान्सच्या ल व्हेरिये यांनीं त्या ओढणाऱ्याची जागा कागदावर काढली, आणि १८४६ च्या २३ सप्टेंबर रोजीं बर्लिनच्या गाले यांनीं त्या जागेजवळ दुर्बीण लावतांच नेपच्यून दिसला. दिसणाऱ्याच्या हेलकाव्यावरून न दिसणाऱ्याचें अस्तित्व ओळखावयाचें, हें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तेंच उपयोगीं पडणार आहे.

येथें व्यंकटेश बापूजी केतकर यांची आठवण होणें साहजिक आहे. 'ज्योतिर्गणित' आणि 'केतकी ग्रहगणित' या ग्रंथांमुळें त्यांचें नांव पंचांग पाहणाऱ्या घरांत परिचित आहेच. त्यांनीं १९११ सालीं फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत एक लेख लिहून नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असें वर्तविलें व त्यांस ब्रह्मा आणि विष्णु अशीं नांवें दिलीं. ब्रह्म्याचें अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारें ३९ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारें २४२ वर्षें, असें त्यांचें गणित होतें. १९३० सालीं प्लूटो सांपडला. त्याचें सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट व काळ २४८ वर्षें निघाला. केतकर त्याच वर्षीं निवर्तले. हा मेळ पाहून मराठी माणसाचें मन भरून येतें, आमचेंही येतें. परंतु मनाचें भरून येणें हें प्रमाण नव्हे. केतकरांनीं गुरूच्या उपग्रहांच्या गतींत आढळणाऱ्या प्रमाणाचें सादृश्य दूरच्या ग्रहांस लावून पाहिलें होतें. प्लूटोची ओढ त्यांनीं मोजलेली नव्हती, आणि मोजतां आलीही नसती, कारण प्लूटो आपल्या चंद्राहूनही हलका आहे. २००६ सालीं तर त्यास ग्रहांच्या पंक्तींतून उठवून खुजा ग्रह ठरविण्यांत आलें. विष्णु अद्याप सांपडलेला नाहीं. न्यायाच्या भाषेंत बोलावयाचें तर हें फार तर उपमान झालें, अनुमान नव्हे. थोर गणित्याचा मान यानें रतिभरही उणा होत नाहीं.

आतां आपल्या सोलापूर जिल्ह्याकडे वळूं. पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावर करमाळें तालुक्यांत जेऊर नांवाचें स्थानक आहे. आज गाडींतून जातां येतां कोणी तिकडे मान वळवून पाहत नाहीं. पण शके १८१९ च्या पौष अमावास्येस, म्हणजे १८९८ च्या जानेवारीच्या २२ तारखेस, खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी या गांवावरून गेली, आणि तें साधण्यासाठीं कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल हे आपल्या पत्नीसह समुद्र ओलांडून येथें येऊन राहिले. त्यांच्या सामानांत ४० फूट लांबीचा छायाचित्राचा कॅमेरा होता. पुण्याहून विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला हेही आपलीं यंत्रें घेऊन येथेंच उतरले होते. तो काळ मुंबई-पुण्याकडे प्लेगानें हाहाकार उडविल्याचा. अशा दिवसांत सुमारें दोन मिनिटांच्या काळोखासाठीं हीं माणसें जेऊरच्या माळावर तंबू ठोकून होतीं. आमच्या घरोघरीं त्या दुपारीं काय चाललें असेल तें वाचकांनीं ताडावें. पाण्यावर दर्भ ठेवून दारें लावून बसण्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं, पण दाराबाहेर काय दिसत होतें तें सांगणें आमचें काम आहे.

सूर्याचें तेजस्वी बिंब चंद्राआड गेलें कीं त्याच्या कडेचा वायु क्षणभर उघडा पडतो. त्याचा प्रकाश लोलकांतून पसरून पाहिला म्हणजे वर्णपट मिळतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर यांनीं १८१४ सालीं सूर्याच्या वर्णपटांत शेंकडों काळ्या रेषा मोजल्या होत्या, आणि १८५९ सालीं किर्खोफ व बुन्सेन यांनीं दाखविलें कीं प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. मिठाची चिमूट ज्योतींत टाकली कीं ती पिवळी होते, हें चुलीपुढें बसणाऱ्यांस सांगावयास नको. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमचा. अशा खुणांवरून कोट्यवधि कोस दूर असलेल्या पदार्थाची ओळख पटते.

या संबंधांत आपल्याकडे एक कथा फार पसरली आहे, ती दुरुस्त करणें बरें. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवितात आणि १८६८ सालीं लॉकियर साहेबांस तेथें हेलियम सांपडला असें सांगतात. १८६८ च्या १८ ऑगस्टचें खग्रास ग्रहण आपल्या भागांत दिसलें हें खरें. आंध्रांत गुंटूर येथें फ्रान्सचे जान्सेन होते. पटवर्धनांच्या जमखिंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलांचे नातू, वर्णपटयंत्र घेऊन बसले होते. पण लॉकियर त्या वर्षीं इंग्लंडांत होते, आणि ग्रहणावांचूनच त्या ऑक्टोबरांत त्यांनीं सूर्याच्या कडेच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. विजयदुर्गास ते आले ते तीस वर्षांनंतर, जेऊरच्याच ग्रहणासाठीं. ओटे खरे आहेत, कथेंतील साल खोटें आहे.

जें सूर्याचें तेंच ताऱ्यांचें. हार्वर्ड वेधशाळेंत कांहीं विदुषींनीं ताऱ्यांच्या वर्णपटांचीं छायाचित्रें वर्षानुवर्षें तपासलीं. त्यांतील ॲनी कॅनन यांस जवळजवळ ऐकूं येत नसे, पण नजर अशी कीं सव्वादोन लाख ताऱ्यांच्या जाती त्यांनीं ठरविल्या. ती सूची १९१८ ते १९२४ या वर्षांत छापली गेली. त्या जातींचीं नांवें इंग्रजी वर्णांचीं असून क्रम ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असा चमत्कारिक आहे. आधीं वर्णानुक्रमें नांवें दिलीं गेलीं. मग असें ध्यानांत आलें कीं खरा क्रम उष्णतेचा आहे, तेव्हां कांहीं वर्ण गाळले व उरलेले पुढेंमागें केले. बायका डबे एकाच्या जागीं दुसरा ठेवतात पण जुनीं नांवें पुसत नाहींत, तसाच हा प्रकार.

आपल्या नक्षत्रांत या जाती सहज ओळखतां येतात. चित्रा निळसर पांढरी, बी जातीची. तिच्या पृष्ठाची उष्णता सुमारें पंचवीस हजार अंश. व्याध व अभिजित् ए जातीचे पांढरे. ध्रुव एफ जातीचा, आपला सूर्य जी जातीचा व सुमारें ५,८०० अंशांचा. स्वाती व रोहिणी नारिंगी, के जातीच्या. आणि वृश्चिकाच्या पोटांतील ज्येष्ठा एम जातीची, साडेतीन हजार अंशांची, म्हणून तांबूस. लोहाराच्या भट्टींत लोखंड आधीं लाल, मग पिवळें, मग पांढरें दिसतें, तोच हा नियम. फरक एवढाच कीं लोहार पांढरें झाल्यावर थांबतो, आकाश थांबत नाहीं.

पण या जाती अशा कां पडतात याचें उत्तर आपल्या देशांतून गेलें. ढाक्याजवळच्या खेड्यांतील एका गरीब वाण्याचा मुलगा मेघनाद साहा यानें १९२० सालीं दाखविलें कीं, उष्णतेच्या मानानें अणूंतील विद्युत्कण सुटे होतात, आणि त्यामुळेंच एखाद्या द्रव्याच्या रेषा दिसतात वा लोपतात. ए जातींत हायड्रोजनच्या रेषा ठळक असतात त्या तेथें हायड्रोजन अधिक म्हणून नव्हे. सुमारें दहा हजार अंशांस त्या रेषा उमटण्यास परिस्थिति अनुकूल असते म्हणून. याच सूत्राच्या आधारें सेसिलिया पेन या तरुणीनें १९२५ सालीं तारे बहुतांशीं हायड्रोजनचेच आहेत असें काढलें. भल्याभल्यांनीं तें प्रथम मानलें नाहीं. पुढें मानावें लागलें.

नायगांववालांची गोष्ट मात्र आमच्या मनास लागून राहिली आहे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनीं १८८२ सालीं दिलेल्या देणगीनें पुण्यास त्यांची वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांनीं केलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण तेथें आली. भारतांत तेवढी मोठी दुर्बीण त्या वेळीं दुसरी नव्हती. ताऱ्यांच्या वर्णपटांचें शास्त्र युरोपांतही नवें असतां पुण्यांत त्याचा अभ्यास चालू होता. १९१२ सालीं नायगांववाला सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्यामागें काम उचलणारा कोणी नाहीं म्हणून वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण दक्षिणेंत कोडाईकनालला गेली. यंत्र होतें, पैसा होता, स्थळ होतें, शिष्य नव्हता. आमच्या भगिनींच्या वडील दिरांनीं, मुलगा काय शिकूं पाहतो याचा विचार करतांना, ही हकीकतही विचारांत घ्यावी.

आतां मूळ प्रश्न, ग्रह कसे ओळखतात. जेऊरला येऊन गेलेल्या कॅम्बेल यांचें आयुष्यभराचें काम हें कीं तारा आपल्याकडे येतो आहे कीं दूर जातो आहे, आणि किती वेगानें, हें वर्णपटावरून मोजणें. १८४२ सालीं डॉप्लर यांनीं सांगितलेला नियम असा: उगम जवळ येऊं लागला कीं लहरी दाटतात, दूर जाऊं लागला कीं विरळ होतात. स्थानकांतून शिटी वाजवीत जाणारी गाडी पुढून येतांना शिटीचा स्वर चढा असतो, मागें पडली कीं उतरतो, हें सर्वांनीं ऐकलें आहे. प्रकाशाचें तसेंच. तारा जवळ येऊं लागला कीं त्याच्या सर्व काळ्या रेषा जांभळ्या बाजूस सरकतात, दूर जाऊं लागला कीं तांबड्या बाजूस. पट्ट्यापट्ट्यांची सोलापुरी चादर किंचित् ओढली तरी पट्ट्यांचा क्रम बिघडत नाहीं, सारी चादर जागची हलते, तसें.

आणि ग्रह काय करतो? आपण म्हणतों ग्रह ताऱ्याभोंवतीं फिरतो. खरें पाहतां दोघेही आपल्या सामाईक तोलबिंदूभोंवतीं फिरतात. पोर दोन्ही हात धरून बापाभोंवतीं गिरक्या घेऊं लागलें तर बापही जागच्या जागीं थोडा डोलतो. गुरूमुळें आपला सूर्य सेकंदास सुमारें साडेबारा मीटर, म्हणजे मालगाडीच्या बेताच्या वेगानें, बारा वर्षांच्या फेऱ्यानें डोलतो. पृथ्वीमुळें डोलतो तो सेकंदास अवघे नऊ सेंटिमीटर. रांगतें मूल याहून वेगानें जातें. न दिसणाऱ्या ग्रहाचा धूर तो हाच. ताऱ्याच्या रेषा ठराविक काळानें एकदां इकडे, एकदां तिकडे सरकल्या तर त्या काळांत त्याभोंवतीं कोणीतरी फिरत आहे, आणि सरकण्याच्या मानावरून त्याचें वजन निदान किती तेंही कळतें.

१९९५ सालीं स्वित्झर्लंडचे मिशेल मायोर व दिदिए केलो यांनीं फ्रान्समधील वेधशाळेंतून '५१ पेगासी' या ताऱ्याच्या रेषा अशा डोलतांना पाहिल्या. वेग सेकंदास सुमारें ५७ मीटर, म्हणजे रेषांचें सरकणें पन्नास लाखांत एक भाग. फेरा सव्वाचार दिवसांचा. गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह, आणि वर्ष चार दिवसांचें! पुष्कळांचा विश्वास बसेना. परंतु थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका वेधशाळेनें तोच डोल स्वतंत्रपणें मोजला. ती वेधशाळा लिक, कॅम्बेल यांचीच. मायोर व केलो यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

ताऱ्यांच्या जातींचा येथें संबंध येतो. चित्रेसारख्या तप्त ताऱ्यांत रेषा थोड्या आणि पसरट, म्हणून त्यांचें बारीक सरकणें मोजतां येत नाहीं. सूर्यासारख्या व त्याहून थंड ताऱ्यांत रेषा हजारों आणि रेखीव. म्हणून या पद्धतीचे शोध मुख्यतः एफ, जी, के आणि एम यांच्या घरीं लागले. जात ठाऊक नसेल तर ताऱ्याचें वजन अंदाजतां येत नाहीं, आणि त्यावांचून ग्रहाचेंही येत नाहीं.

हेत्वाभासाची भीति येथेंही आहे. ताऱ्यावर सूर्यावरच्यासारखे डाग असले आणि तारा स्वतःभोंवतीं फिरला तर रेषांत तसाच भास होतो. उन्हाळ्यांत सोलापुराहून दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा 'मित्र' हा प्रत्यक्षांत तीन ताऱ्यांचा समूह. त्यांतील एकास ग्रह आहे असें २०१२ सालीं जाहीर झालें, आणि २०१५ सालीं इतरांनीं तीच टिपणें पुन्हा तपासून तो ग्रह नसून गणितांत उपजलेला भास होता असें दाखविलें. जाहीर करणाऱ्यांची टिपणें सर्वांस खुलीं होतीं म्हणूनच हें शक्य झालें. कल्पनेच्या खेळांत कोणी असें पुसून टाकीत नाहीं. त्याच समूहांतील धाकट्या तांबड्या ताऱ्याभोंवतीं २०१६ सालीं सांपडलेला ग्रह मात्र पुढील तपासांतही टिकला. त्याचें वर्ष सव्वाअकरा दिवसांचें.

दुसरी युक्ति ग्रहणाचीच आहे. ग्रह आपल्या व ताऱ्याच्या मधून गेला तर ताऱ्याचें तेज किंचित् मंदावतें. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यापुढून गेला तर शंभरांत एक भाग, पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारांतही एकाहून कमी. यास अधिक्रमण म्हणतात. २००९ ते २०१८ पर्यंत काम केलेल्या केप्लर नांवाच्या अवकाशस्थ दुर्बिणीनें या एका युक्तीवर अडीच हजारांहून अधिक ग्रह मिळविले. डोल वजन सांगतो, अधिक्रमण आकार सांगतें. दोन्ही मिळालीं कीं ग्रह दगडाचा कीं वायूचा हें निघतें. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनें अबूच्या डोंगरावरील 'पारस' या वर्णपटयंत्रानें २०१८ सालीं पृथ्वीच्या सुमारें २७ पट वजनाच्या ग्रहाचा निर्णय केला तो असाच. २०२५ पर्यंत निश्चित झालेल्या परक्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे.

मामंजींस आमचें नम्रपणें सांगणें असें. पुराणांत अनंत ब्रह्मांडांची कल्पना आहे, आणि ती कल्पना भव्य आहे. पण कोणत्या ताऱ्याभोंवतीं, किती दिवसांच्या फेऱ्याचा, किती वजनाचा ग्रह आहे हें तेथें नाहीं, सूर्यसिद्धांतांतही नाहीं. नसलेलें आहे म्हटल्यानें ग्रंथांचा मान वाढत नाहीं, आणि पोराचा आपल्यावरील विश्वास मात्र जातो. संस्कृताचा खरा उपयोग कोठें झाला तें पाहावें. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघानें एका ताऱ्याचें व त्याच्या ग्रहाचें नांव ठेवण्याचें काम भारताकडे दिलें. ताऱ्यास शास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचें नांव मिळालें. ग्रहास 'संतमस' हें नांव पुण्याच्या एका शाळेंतील तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें सुचविलें. अमरकोशांत गाढ काळोखास अंधतमस, विरळ काळोखास अवतमस आणि चहूंकडे पसरलेल्यास संतमस म्हटलें आहे. ग्रहाचें वातावरण ढगाळ असावें या कल्पनेनें मुलानें हा शब्द उचलला. तो ग्रह गुरूच्या दीडपट वजनाचा असून दोन दिवस व तीन-सव्वातीन तासांत आपल्या सूर्यास प्रदक्षिणा घालतो.

मुलाच्या पोटापाण्याविषयीं भगिनींनीं विचारलेलें नाहीं, पण वडील दिरांच्या मनांत तेंच असणार. जागा थोड्या आणि वाट लांब, हें आम्ही लपवीत नाहीं. मात्र वाट आहे: पदार्थविज्ञानाची पदवी, गणिताची पक्की तयारी, आणि पुढें पुण्याचें 'आयुका', बंगळूरची खगोलभौतिकी संस्था, अहमदाबादची वर सांगितलेली प्रयोगशाळा. तारे मनासारखे न लाभले तरी तें गणित दहा ठिकाणीं चालतें.

तोंवर घरांतल्या सर्वांनीं मिळून एक करावें. आश्विन-कार्तिकांत रात्रीं आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर जावें. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या पश्चिमेकडील दोन तारे म्हणजे पूर्वा भाद्रपदा. त्या दोघांस जोडणाऱ्या रेषेच्या मध्याशीं, किंचित् पश्चिमेस, एक अगदीं अंधुक तारा आहे. शहराच्या उजेडांत तो दिसावयाचा नाहीं, लहान दुर्बीण लागेल. तोच ५१ पेगासी. त्याचा आज दिसणारा प्रकाश पन्नास वर्षांपूर्वीं निघालेला आहे. वडील दिरांस आधीं दाखवावा.